डब्यांची जप्ती

ऑब्जेक्शनकाकांनी पहिला घास घेतला, दोनदा चावला आणि जबडा होता तिथेच थांबवला. समोर बसलेल्या काकूंना यात नवल वाटलं नाही. उभी हयात लोकांच्या जमाखर्चात चुका काढण्यात गेलेला माणूस निवृत्त झाला की ताटाकडे वळतो. त्याच्यापुढे दुसरं दप्तर उरलेलंच नसतं. चहाचा रंग, भाजीतलं मीठ, दुधावरची साय या सगळ्यांवर काकांचे शेरे मारून झाले होते.

"पीठ कडू आहे," काका म्हणाले.

काकूंनी एक तुकडा चाखला आणि काही न बोलता ताट बाजूला सारलं. काकांच्या ऑब्जेक्शनवर काकूंचं उलट ऑब्जेक्शन नाही, असं त्या घरात क्वचितच घडे. काका त्यामुळे इतके खूश झाले की, आपलं म्हणणं खरं आहे याची खात्री करून घेण्यासाठी त्यांनी तीच कडू पोळी संपवली. पोटानं त्याचा हिशेब पुढे दोन दिवस चुकता केला.

आता पीठ कडू लागलं तर संशय दोनच ठिकाणी जाऊ शकतो: गव्हावर नाहीतर गिरणीवर. गव्हावर तो जाणं शक्य नव्हतं, कारण गहू काकांनी स्वतः आणला, स्वतः चाळला आणि स्वतः साठवला होता. साठवताना कीड लागू नये म्हणून वरच्या मजल्यावरच्या वकिलांनी एक घरगुती उपाय सांगितला होता. त्यांच्या आजी धान्याला बोरिक पावडरची चिमूट चोळायच्या म्हणे. 'चिमूट' हे माप काकांना पटलं नाही. कुणाची चिमूट, किती बोटांची? असल्या मोघम आकड्यावर त्यांनी नोकरीत कधी सही केली नव्हती. म्हणून सोसायटीच्या कॅरमच्या कपाटातला पावडरचा अख्खा डबा त्यांनी गव्हाच्या पिंपात उपडा केला, काठीनं ढवळला आणि पिंपावर तारीख टाकली. दळायच्या आधी गहू चांगला धुवायचा, हेही वकील म्हणाले होते, पण तोवर काका अर्धा जिना उतरून गेले होते.

वाचकांना जे आत्ताच कळलं, ते काकांना कळायला पुढे बरेच कष्ट पडायचे आहेत. स्वतः तपासलेल्या खात्यात चूक असू शकत नाही, हा तपासनिसांचा जुना आजार आहे आणि त्यावर अजून औषध निघालेलं नाही.

राहिली गिरणी. ती होती त्याच इमारतीत, जिन्याखालच्या खोलीत. खोली सोसायटीची, गिरणी ताईंची. ताईंचं खरं नाव कुणाला आठवत नसे. गिरणीवाल्या ताई म्हटलं की पुरे. नवरा गेल्यावर त्यांनी ती गिरणी एकटीनं चालवली होती. त्यांच्या भुवया, पापण्या आणि बांगड्या कायम पांढऱ्या असत. त्या पीठ विकत नसत. ज्यानं त्यानं आपलं धान्य आणायचं, डब्यावर आपल्या घराचा नंबर लिहायचा आणि संध्याकाळी गरम पीठ घेऊन जायचं. काकू तर दळण असो वा नसो, दुपारी तिथल्या बाकावर जाऊन बसत. गिरणीच्या आवाजात नवऱ्याची तक्रार कितीही मोठ्यानं केली तरी ती बाहेर जात नाही, ही त्या बाकाची सोय होती.

सरळ खाली उतरून ताईंना विचारावं, असं काकूंचं मत पडलं. काकांना ते फार पोरकट वाटलं. तोंडी विचारलं तर तोंडी उत्तर येतं आणि तोंडी उत्तर फाईलला लावता येत नाही. ते वर गेले, वकिलांकडे. वकील म्हणाले, हा केवळ तुमच्या ताटाचा प्रश्न नाही, सार्वजनिक आरोग्याचा आहे, अर्ज ठोका. (पिंपात आपला सल्ला किती प्रमाणात पडला आहे, याची त्यांनाही कल्पना नव्हती.) सोसायटीचे सेक्रेटरी तिथेच चहा घेत होते. अर्जाची एक प्रत सोसायटीला द्या, एवढं म्हणून त्यांनी बशी पुसली. सेक्रेटरींचा जीव बऱ्याच दिवसांपासून जिन्याखालच्या खोलीत गुंतला होता. तिथे स्कूटर छान राहतील, असं ते येता-जाता म्हणत.

काकांनी अन्न तपासणीच्या कचेरीला अर्ज लिहिला. तीन खर्डे झाले. शेवटच्या खर्ड्यात 'संबंधितांना योग्य ती समज द्यावी' असं वाक्य होतं आणि काकांना खरोखर तेवढंच हवं होतं. नमुन्यादाखल कडू पिठाची एक पुडीही जोडली. सरकारी कचेऱ्या काकांना आतून ठाऊक होत्या. अर्ज पोहोचायला लागणारा वेळ, तो वाचला जायला लागणारा वेळ आणि वाचणारा बदलून जायला लागणारा वेळ यांची बेरीज केली, की अर्जदाराचा राग कधीच शांत झालेला असतो. तक्रारीचा खरा उपयोग झोप चांगली लागण्यापुरता. त्या दिवशी काकांना झोप उत्तम लागली.

पण नशीब असं, की नेमकी त्याच वेळी सरकारला जाग आली होती. कुठल्याशा मोठ्या कारखान्याच्या पिठात नको ते सापडलं होतं, वर्तमानपत्रं तुटून पडली होती आणि दूषित पीठ व धान्य यांविरुद्ध कडक मोहीम सुरू झाली होती. कारखान्यांना दारं मोठी असतात, आणि दारावर पहारेकरी. आत जायला वेळ लागतो. जिन्याखालच्या खोलीत कुणालाही जाता येतं. शिवाय मोहिमेला छाप्यांचा आकडा लागतो आणि आकड्यात कारखाना एक आणि गिरणीही एकच.

निरीक्षक आले ते भर दुपारी, सोबत एक शिपाई, लाखेच्या कांड्या आणि मेणबत्ती घेऊन. निरीक्षक तरुण, सभ्य आणि दमलेले होते. त्यांनी ताईंना विक्रीचा माल दाखवायला सांगितला. ताई म्हणाल्या, माझा माल नाहीच. मग हे डबे कुणाचे? लोकांचे. लोकांचं पीठ तुमच्याकडे कसं? दळायला आलेलं. निरीक्षकांनी नियमांचं पुस्तक उघडलं, मिटलं, परत उघडलं. जागेत सापडलेला साठा ताब्यात घ्यावा, असं पुस्तकात होतं. साठा कुणाचा असावा, याबद्दल पुस्तक मुकं होतं. तेव्हा त्यांनी जागेत सापडलेला सगळा साठा ताब्यात घेतला. म्हणजे वकिलांचा डबा, सेक्रेटरींचा डबा, दुसऱ्या मजल्यावरच्या बाळंतिणीचा डबा, एकूण अख्ख्या इमारतीचं पीठ. प्रत्येक डब्याला दोरा, दोऱ्याला लाख, लाखेवर मोहोर.

पंच म्हणून तक्रारदाराला बोलावणं आलं. आपला अर्ज इतक्या तातडीनं अमलात आलेला पाहून काकांची छाती आधी फुगली आणि मग, गिरणीच्या उंबऱ्यात पोहोचेपर्यंत, आपोआप बसली. गिरणी बंद होती. त्या खोलीत काकांनी कधी शांतता ऐकली नव्हती. पट्टा सैल लोंबत होता आणि ताई बाकावर, काकूंच्या जागेवर, हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"काका, कडू लागलं तर खाली येऊन सांगायचं होतं," ताई म्हणाल्या. "मी दुसरं दळून दिलं असतं."

आवाजात राग नव्हता. राग असता तर काकांना बरं वाटलं असतं; रागाला उत्तर असतं. त्यांनी सही केली, तारीख घातली आणि दाराला सील लागताना ते लाखेकडे पाहत राहिले, कारण दुसरीकडे पाहण्यासारखं काही नव्हतं.

संध्याकाळी इमारतीत कणीक मळायला पीठ नव्हतं. वकिलांकडे मुलीच्या सासरची माणसं जेवायला यायची होती. ते खाली आले आणि दारातूनच म्हणाले, की मी गुन्हेगार पकडा म्हटलं होतं, डबा नव्हे. बाळंतिणीच्या सासूबाई रिकामी परात आणून काकांच्या दाराशी ठेवून गेल्या. लिफ्टचं दार उघडून आत काका दिसले, की बायकांना एकदम जिन्यानं चढण्याचे फायदे आठवू लागले. मग घरोघर दुकानातल्या पिठाच्या पिशव्या आल्या. घरात काकूंनी बोलणं बंद केलं नाही. त्या फक्त कामापुरतं बोलू लागल्या. काकांना ठाऊक होतं, की हा मौनाच्या पुढचा टप्पा आहे. दुपारी गिरणीच्या वेळेला त्या खिडकीत बसत, हातात काही नसताना.

काका अर्ज मागे घ्यायला कचेरीत गेले. तिथल्या टेबलावरचा कारकून थेट काकांच्याच वळणाचा निघाला: चष्मा कपाळावर, पेन कानावर. त्यानं अर्ज दोन्ही बाजूंनी वाचला आणि समजावलं, की तक्रार कुणालाही करता येते, मागे मात्र कुणालाच घेता येत नाही. नमुने प्रयोगशाळेत गेलेत. आता प्रकरण तुमचं राहिलेलं नाही, सरकारचं आहे.

"पण तिचा काही दोष नसला तर?"

"नसला तर निष्पन्न होईल," कारकून म्हणाला.

हे वाक्य काकांच्या ओळखीचं होतं. ते त्यांनी स्वतः असंख्य लोकांना ऐकवलं होतं, याच थंड सुरात, आणि मग डबा उघडून जेवायला बसले होते. कचेरीतल्या बाकावर बसल्या-बसल्या त्यांच्या मनात आलं, की आपण जन्मभर ऑब्जेक्शनं लिहिली. कागद टेबलावरून खाली गेला की आपलं काम संपलं. तो कुणाच्या डोक्यावर पडतो, हे बघायला कधी जावं लागलं नाही. हे पहिलंच ऑब्जेक्शन असं, की जे आपल्याच जिन्याखाली पडलं. हा विचार त्यांना आवडला नाही. पण घरी जाईपर्यंत तो सोबत चालत राहिला, आणि लिफ्टमध्ये तेवढा तोच त्यांच्या शेजारी उभा राहिला.

अखेर कचेरीतून बोलावणं आलं. ताईंना, आणि तक्रारदार म्हणून काकांना. काकूही निघाल्या, काकांसोबत नव्हे, ताईंसोबत. तिघं एकाच बाकावर बसली, मध्ये काकू.

निरीक्षकांनी अहवाल वाचला. सगळे डबे स्वच्छ. फक्त तक्रारदाराच्या पुडीत बोरिक पावडर, आणि तीही थोडीथोडकी नाही. निरीक्षकांनी मान हलवली. गिरणीत झुरळांसाठी टाकत असणार, असं ते म्हणाले, आणि ती त्या दिवशी दळणात गेली असणार. असल्या निष्काळजीपणाला परवाना रद्द, याहून कमी काही नाही. ताई म्हणाल्या, मी असलं काही आणत नाही. निरीक्षक म्हणाले, सगळे असंच म्हणतात. मग त्यांनी एक कागद काकांपुढे सरकवला: गहू माझ्या घरचा होता, तो निर्भेळ होता, इथे सही.

"बोरिक म्हणजे?" काकांनी विचारलं.

"पांढरी भुकटी असते हो. कॅरमवर टाकतात ती."

काकांचे कान गार पडले. पिंप, काठी, पांढरा धुरळा आणि आपण टाकलेली सुबक तारीख, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे आलं. हातात पेन होतं. कागद स्वच्छ होता. पिंपाबद्दल जगात फक्त वकिलांना कल्पना असण्याची शक्यता होती आणि कधी बोलू नये, हे शिकण्यासाठीच वकिलांनी पदवी घेतलेली असते. एक सही केली की काका तक्रारदारच राहणार होते, दक्ष नागरिक, आणि जिन्याखाली स्कूटर लागणार होत्या. शेजारी काकू ताईंच्या बांगडीवरचं पीठ उगाच नखानं काढत होत्या. इतके दिवस गिरणी बंद होती, तरी ते पीठ गेलं नव्हतं.

काकांनी पेन खाली ठेवलं. "पावडर मी घातली," ते म्हणाले. "गव्हात. कीड लागू नये म्हणून."

"किती?"

"डबाभर."

"चमचाभर म्हणताय का?"

"डबाभर," काका म्हणाले. "सोसायटीचा डबा. स्पर्धेसाठी आणलेला."

आधी शिपाई हसला. मग त्यानं हसू आवरलं, कारण निरीक्षक हसत नव्हते. निरीक्षक हादरले होते. एवढी मोहीम, एवढे छापे, एवढी लाख जळली, आणि त्यांच्या हद्दीत भेसळ करणारा म्हणून हाती लागला तो एकच माणूस. आणि तो निघाला तक्रारदार. त्यांनी पुस्तक पालथं घातलं. विकण्यासाठी मिसळलं तर शिक्षा, साठवून ठेवण्यासाठी मिसळलं तरी शिक्षा, पण स्वतः खाण्यासाठी स्वतःच्याच अन्नात मिसळणाऱ्याला काय म्हणावं, ते कुठे दिलेलं नव्हतं.

"त्याला काय म्हणतात ते मी घरी गेल्यावर सांगेन त्यांना," काकू म्हणाल्या.

सील निघालं, डबे परतले. आता सगळं मिटलं, असं कुणालाही वाटलं असतं, काकांनाही वाटलं. पण दाराची लाख खरवडून काढल्यावर तिथे एक लालसर डाग राहिला आणि डाग फळीवर होता त्यापेक्षा लोकांच्या मनात मोठा होता. ताईंनी पट्टा चढवला, खोली झाडली, दिवा लावला आणि त्या वाट बघत बसल्या. कुणी येईना. पिशवीतल्या पिठाची घरोघर सवय लागली होती. निकाल काय लागला, याची चौकशी कुणी केली नाही. सील लागलं होतं, एवढं सगळ्यांना पाठ होतं. काही असल्याशिवाय का सरकार येतं, असं बाळंतिणीच्या सासूबाई म्हणत. सेक्रेटरींनी पुढच्या सभेच्या विषयांत जिन्याखालच्या खोलीचा वापर हा विषय घातला आणि टेप घेऊन खोलीची रुंदीही मोजून गेले. ताई तेव्हा आतच बसल्या होत्या.

काकांनी आपल्या पद्धतीनं उपाय केला: सूचनाफलकावर निवेदन लावलं. उपरोक्त गिरणी प्रयोगशाळेच्या अहवालानुसार निर्दोष असून सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी, वगैरे. लोकांनी नोंद घेतली. एवढं टाईप करून लावलंय म्हणजे नक्कीच काहीतरी दाबलंय, असं ठरलं.

मग एके दिवशी लिफ्टमध्ये बाजूच्या इमारतीतली एक बाई भेटली. काकांना न ओळखता तिनं विचारलं, तुमच्या गिरणीत काय हो विष सापडलं म्हणे? काका आधीच वैतागले होते. त्यांच्या तोंडून भाषा सुटली ती फलकावरची नव्हती. विष कसलं, बाई, ते म्हणाले, मी एक शहाणा, मला चिमूट पुरली नाही, मी कॅरमच्या पावडरचा डबा ओतला गव्हात, वर काठीनं ढवळला, ते खाल्लं, पोट धरून बसलो आणि वरून तक्रारही केली, माझ्याच विरुद्ध.

बाई हसू लागली. तिला उतरायचा मजला आला आणि गेला. लिफ्ट वरपर्यंत जाऊन परत खाली आली तरी ती भिंतीला टेकून डोळे पुसत होती. काकांना वाटलं, यापेक्षा दोर तुटला असता तर बरं. पण दुसऱ्या दिवशी तीच बाई डबा घेऊन गिरणीवर आली, सोबत शेजारणीला घेऊन, आणि म्हणाली, हिलाही ते ऐकायचंय.

काकांच्या ध्यानात आलं ते इतकंच: अहवालावर लोक विश्वास ठेवत नाहीत, हसण्यावर ठेवतात. ज्या गोष्टीवर माणूस पोटभर हसला, तिची त्याला भीती वाटेनाशी होते. जन्मभर जमवलेली प्रतिष्ठा जवळ होती आणि निवृत्तीनंतर तिला दुसरा खर्चही नव्हता. काका दुपारी जिन्याखाली जाऊन बसू लागले.

हे वाटतं तितकं सोपं नव्हतं. गिरणी चालू असताना तिथे हळू आवाजात काही बोलता येत नाही. आपला मूर्खपणा कबूल करायचा तर तो बेंबीच्या देठापासून ओरडून करावा लागतो. "डबाभर!" असं काका ओरडत आणि जिन्यावरून जाणारी माणसं थांबत. पहिल्या दिवशी त्यांचे कान तापले. पुढे पुढे त्यांना कुठे थांबावं, कुठे श्वास घ्यावा, हे कळू लागलं. निरीक्षकांचं 'चमचाभर म्हणताय का' ते हुबेहूब काढत. वकील आधी दुरूनच ऐकत होते. मग आपण चिमूटच म्हटलं होतं, हे चारचौघांत नोंदवून घेण्यासाठी ते स्वतः आले आणि रिकाम्या हातानं बरं दिसत नाही म्हणून डबा घेऊन आले. बाळंतिणीच्या सासूबाईंनी परात गव्हानं भरून पाठवली. सभेच्या दिवशी रांग जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत पोहोचली होती. सेक्रेटरी ती ओलांडून सभेला गेले आणि तो विषय वेळेअभावी पुढे ढकलण्यात आला.

काकू बाकावर आपल्या जागेवर परतल्या होत्या. नवऱ्याबद्दलची जी तक्रार त्या आजवर आवाजाच्या आडोशानं करत, ती आता नवरा स्वतःच ओरडून करत होता. त्यांना बोलायला फारसं काही उरलं नव्हतं. त्या गव्हातले खडे वेचत बसत आणि काका मधलं काही विसरले, तर आठवण करून देत.

माफ केलं असं ताई म्हणाल्या नाहीत आणि काकांनीही विचारलं नाही. काकांचा गहू त्या दळत, पण पिंपातून काय काय निघालं, हे आधी हाताची ओंजळ भरून बघत, काकांसमोरच. काका मान खाली घालून उभे राहत.

एका दुपारी दोन गल्ल्या सोडून राहणारा एक अनोळखी माणूस मोठा डबा खांद्यावर घेऊन आला. त्यानं तो उंबऱ्यावर टेकवला, इकडेतिकडे पाहिलं आणि ताईंना विचारलं, ते पावडरवाले काका इथलेच का?

काका त्या दिवशी थकले होते. घसा बसला होता. त्यांनी नुसता हात वर केला.

ताईंनी हात पुढे करून गिरणी बंद केली. पट्टा फडफडत थांबला, खोलीत पिठाची धूळ खाली बसू लागली. ताईंनी बाकावरची गोणी बाजूला सारून काकांना जागा करून दिली आणि तांब्यातलं पाणी पुढे केलं.

"सुरुवातीपासून सांगा, काका," त्या म्हणाल्या. "सावकाश. यांचा डबा मोठा आहे."